मुंबईत प्रेशर वॉशिंगचा जोडधंदा: शनिवार-रविवारी काम करणाऱ्यांसाठी

चार महिने पाऊस कोसळला की मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांचं आवार हिरवट-काळं पडतं. पेव्हर ब्लॉकवर शेवाळाचा बुळबुळीत थर, रॅम्पवर घसरणाऱ्या स्कूटर, ओट्यावरून जपून पाय टाकणारे आजी-आजोबा. खराटा आणि ब्लीचिंग पावडरने हे तात्पुरतं जातं, महिन्याभरात परत येतं. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने ते धुऊन काढायचं, म्हणजे प्रेशर वॉशिंगचं काम नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दोन सकाळींत करता येतं. मशीन, एक मदतनीस आणि थोडी शिस्त असली की सुरुवात होते.

नवीन माणूस बहुधा एकाच प्रश्नावर अडकतो: मशीन किती बारचं (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) घ्यायचं? मुंबईत हा धंदा मशीनपाशी अडत नाही, पाण्यापाशी अडतो. पाणी कुठून घ्यायचं, मिनिटाला किती मिळणार आणि वापरून झाल्यावर ते वाहून कुठे जाणार, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय कुठलंही काम घेऊ नका.

१. कोणती कामं घ्यायची, कोणती नाही

पहिलं वर्षभर पाय जमिनीवर ठेवूनच काम करा, शब्दशः. आवारातले पेव्हर ब्लॉक, रॅम्प, स्टिल्ट पार्किंग, कोटाच्या किंवा दगडी पायऱ्या, रंग नसलेली कंपाउंडची भिंत, दुकानापुढची फरशी.

ही कामं मात्र नाकारा:

- इमारतीची बाहेरची भिंत. तिथे परांची किंवा दोरावर काम करणारी प्रशिक्षित माणसं लागतात. शिडीवर उभं राहून फवाऱ्याची गन तर कधीच चालवू नका. १२० बार आणि मिनिटाला ९ लिटरचं मशीन ट्रिगर दाबल्याक्षणी दोन किलोंहून जास्त जोराने मागे ढकलतं.
- जुनी गच्ची. ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर चायना चिप्स (चिनी मातीचे तुकडे) बसवलेली गच्ची दिसायला भक्कम असते, पण चिप्सच्या मधलं सिमेंट जुनं झालेलं असतं. जोराचा फवारा ते उकरतो आणि वरच्या मजल्यावरच्या घरात गळती सुरू होते. गळती आधीपासून होती की तुमच्यामुळे झाली, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.
- प्लास्टर फुगलेले छज्जे. आतली सळई गंजून फुगली की प्लास्टर सुटतं आणि फवाऱ्याने तुकडा खाली येतो.
- सोलर पॅनल. काचेला सूक्ष्म तडे जातात, कडेच्या सीलमधून पाणी आत शिरतं.
- गटाराचं चेंबर आणि सेप्टिक टँक. ‘मशीन आणलंच आहे तर तेवढं चेंबरही मारून द्या,’ असं हमखास सांगितलं जातं. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो. कितीही पैसे देऊ केले तरी नाही म्हणा.

जमिनीखालची पाण्याची टाकी धुणं हा वेगळा व्यवसाय आहे. बंदिस्त जागेत कसं उतरायचं हे शिकल्याशिवाय त्यात पडू नका.

२. पाण्याचा हिशेब

मिनिटाला ९ लिटर घेणारं मशीन तासाला ५४० लिटर ओढतं. गन सतत उघडी नसते. कुंड्या हलवणं, पाइप ओढणं यात वेळ जातो, म्हणून प्रत्यक्ष वापर दोन-तृतीयांश धरा. आठ तासांच्या कामाला सुमारे २,९०० लिटर. हा आकडा कोटेशनमध्येच लिहून द्या. मेमध्ये तलावांची पातळी उतरून पाणीकपात लागली असेल, तर एवढं पाणी फरशीवर ओतायला कमिटी तयार होणार नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

सोसायटीत बोअरवेल किंवा विहीर असेल तर तेच पाणी मागा, पिण्याचं पाणी वाचवा. मात्र समुद्र किंवा खाडीजवळच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा खारं असतं. दिवस संपल्यावर पाच मिनिटं गोडं पाणी मशीनमधून फिरवलं नाही, तर पंपाच्या झडपा आणि फिटिंग गंजतात. काळ्या ग्रॅनाइटवर आणि कोटावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, तिथे शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारा.

नळाची धार बादलीने तपासा: १५ लिटरची बादली दीड मिनिटाच्या आत भरली पाहिजे. त्याहून वेळ लागला तर नळ थेट मशीनला जोडू नका. मध्ये २०० लिटरचा ड्रम ठेवा, नळ ड्रममध्ये सोडा आणि मशीन ड्रममधून पाणी घेईल. ड्रम चार विटांवर किंवा ओट्यावर, मशीनपेक्षा उंच ठेवा, म्हणजे पंपाला ओढावं लागत नाही. पालिकेच्या लाइनला पंप लावून थेट पाणी खेचायला बंदी आहे, वॉचमन ‘इथेच लावा’ म्हणाला तरी.

आता जाणारं पाणी. आवारातल्या पर्जन्यवाहिन्या नाल्यात आणि तिथून खाडीत जातात, मध्ये बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण नसतं. म्हणून गाळ जाळीच्या तोंडाशीच अडवायचा: जाळीभोवती ओली गोणपाटं किंवा वाळूच्या पिशव्या लावा, साचलेला चिखल फावड्याने गोणीत भरा. यामुळे सोसायटीची वाहिनीही तुंबत नाही.

३. मशीन

दोन प्रकार समोर येतील. घरगुती मशीन, साधारण ७ ते १५ हजारांचं, कार्बन ब्रशवाल्या मोटरचं. हलकं असतं, रिक्षात मावतं, पण वीस-तीस मिनिटं चालवून थांबवावं लागतं आणि आवाज कर्कश. दुसरं इंडक्शन मोटरचं, पितळी पंपहेड आणि सिरॅमिक प्लंजरचं (पंपातल्या दट्ट्याचं), साधारण २५ हजारांपासून पुढे. ते जड असतं, पण तासन्‌तास चालतं आणि सुटे भाग मिळतात.

धंद्यासाठी दुसरंच घ्या: सिंगल फेज, २,२०० ते २,५०० वॅट, १२० बारच्या आसपास, मिनिटाला ८ ते १० लिटर. खोक्यावरचा बारचा मोठा आकडा हा बहुतेक वेळा कमाल दाब असतो, काम करतानाचा नाही, तेव्हा ‘वर्किंग प्रेशर’ विचारा. बार घाण सुटी करतो, लिटर ती वाहून नेतो. मोठ्या आवारात लिटर कमी पडले की सुटलेला चिखल तिथेच फिरत राहतो आणि एकच जागा तीनदा मारावी लागते.

खरेदीला नागदेवी स्ट्रीटला जा, होज, कपलिंग, फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तोंडाची झडप) सगळं एका गल्लीत मिळतं. वायर आणि स्विचगिअर लोहार चाळीत. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच गोष्ट विचारा: याची सील किट आणि अनलोडर व्हॉल्व्ह (ट्रिगर सोडल्यावर दाब वळवणारी झडप) आज तुमच्याकडे आहे का? नसेल तर मशीन कितीही स्वस्त असलं तरी नको.

नोझलचे रंग पाठ करा. लाल ० अंश, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणासाठी. रोजचं काम हिरव्यावर होतं, पांढरं नाजूक जागेसाठी. लाल नोझल पेटीतून काढूनच टाका, ते सिमेंटवर रेघ कोरतं आणि मांसही कापतं.

सपाट फरशीसाठी सरफेस क्लीनर घ्या, म्हणजे खाली फिरणाऱ्या दोन नोझलची गोल तबकडी. वेळ निम्म्यावर येतो आणि भिंतींवर शिंतोडे उडत नाहीत. ९ लिटरच्या मशीनला १० ते १२ इंचाचीच तबकडी, १५ इंची लावली तर नुसती पुसल्यासारखी फिरते. तिच्या नोझलचं माप मशीनशी जुळवून घ्या. भोक मोठं असेल तर दाब पडतो, लहान असेल तर मोटर ओव्हरलोड होऊन ट्रिप होते.

४. वीज

हे मशीन १० अँपिअरच्या आसपास करंट घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट. मीटर रूम किंवा पंप रूममध्ये तो असतो, किल्ली कुणाकडे आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

एक्स्टेन्शनसाठी ३० मीटर, २.५ चौरस मिलिमीटर, तीन कोअरची तांब्याची वायर घ्या. १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एवढ्या अंतरावर चालू मशीनलाच सुमारे ११ व्होल्ट कमी मिळतात, सुरू होताना आणखी बरेच. मग मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि मिनिटभरात वाइंडिंगचा वास येतो. ‘मशीन जळालं’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक मशीनचा खरा दोष वायरचा असतो.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला हवाच. ओल्या जमिनीवर, गमबूट घालून तुम्ही उभे आहात. तिथे जीव वाचवणारी वस्तू तीच आहे. जोड जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर किंवा हुकाला टांगा.

५. पेटीत काय असावं

- २० मीटरची हाय-प्रेशर होज, इनलेट फिल्टर, फूट व्हॉल्व्हसहित सक्शन पाइप
- ड्रम, दोन बादल्या, ताठ काड्यांचा खराटा, रबरी वायपर, फावडं, रिकाम्या गोण्या
- गमबूट, गॉगल, कानात घालायचे प्लग, एन-९५ मास्क, जाड हातमोजे
- प्लास्टिक शीट आणि चिकटपट्टी, मीटरपेट्या आणि सॉकेट झाकायला
- ओ-रिंगचा (जोडातल्या रबरी कड्यांचा) डबा, टेफ्लॉन टेप, नोझल साफ करायची तार, दोन पाने, एक जास्तीचं हिरवं नोझल
- ‘पाय घसरेल, काम चालू आहे’ अशी मराठी पाटी आणि दोरी

६. कागदपत्रं

उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवरून मोफत होते. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. गुमास्त्यासाठी (दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद) दोन-चार माणसांच्या धंद्याला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. ही दोन्ही कागदं चालू खातं उघडताना बँकेत उपयोगी पडतात. पॅन, रद्द केलेला चेक आणि लेटरहेड जवळ ठेवा.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटीची ओळ लावायची नाही, खजिनदाराने ‘लावून द्या’ म्हटलं तरी. एक बिल ३०,००० रुपयांवर किंवा वर्षभराची बेरीज १ लाखावर गेली की सोसायटी टीडीएस कापते. व्यक्तीच्या नावावरच्या धंद्याला १ टक्का, पॅन दिला नसेल तर २० टक्के.

नोकरी सरकारी असेल तर परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. खासगी कंपनीतही नेमणूकपत्रातली अट वाचून घ्या. मदतनिसाला बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून द्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. थोडंच आहे, पण त्याच्या घरच्यांसाठी काहीतरी आहे.

७. पाहणी आणि कोटेशन

फोनवर दर सांगू नका. मोजपट्टी घेऊन जा आणि पाहणीत हे बघा: उतार कुठे जातो, जाळी कुठे आहे, लिफ्टचा खड्डा त्या उतारावर येतो का, मीटरपेट्या जमिनीपासून किती उंच, फुटलेले ब्लॉक कुठले. फुटक्या जागांचे फोटो सेक्रेटरींसमोर काढा आणि त्यांनाही लगेच पाठवा.

मग कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा तुकडा धुऊन दाखवा. दहा मिनिटांचं काम, पण कमिटीला कशाचे पैसे देतोय ते दिसतं आणि तुम्हाला थर किती चिवट आहे ते कळतं. कोटेशनला याहून चांगली जोड नाही.

दर कसा काढायचा? समजा २,४०० चौरस फूट पेव्हर आहे. नुसत्या गनने दाट शेवाळ तासाला साधारण ३०० चौरस फूट निघतं, म्हणजे आठ तास, दोन सकाळी. मदतनीस ८०० प्रमाणे १,६००. टेम्पो ७०० प्रमाणे १,४००. मशीनची झीज तासाला ५० धरून ४००. सांधे भरायला सात गोण्या स्टोन डस्ट (दगडाची बारीक भुकटी), ४२०. साबण-रसायन ३००. एकूण ४,१२०. तुमच्या दोन सकाळींचे ३,००० धरले तर ७,१२०, म्हणजे चौरस फुटाला साधारण ३ रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातली मजुरी आणि भाडं घालून पुन्हा मांडा. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाही हेही भाड्यात धरा.

याच दराने ४०० फुटांचं काम घेतलंत तर १,२०० मिळतील आणि मदतनीस-टेम्पोलाच १,५०० जातील. म्हणून किमान रक्कम ठरवा आणि तिच्याखाली उतरू नका.

कोटेशनमध्ये लेखी हवं: पाणी आणि वीज सोसायटीची, गाड्या हलवण्याची जबाबदारी सोसायटीची, गाडी न हलल्यामुळे पुन्हा यावं लागलं तर वेगळा आकार, आधीच सुटलेलं प्लास्टर आणि रंग याची हमी नाही, ४० टक्के आगाऊ. गाड्यांची सूचना तीन दिवस आधी फलकावर लागली पाहिजे. परगावी गेलेल्या मालकाची एक गाडी अख्खी रांग अडवते.

पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंत सर्वात जास्त मागणी असते, पण कोटेशन जुलै-ऑगस्टमध्येच द्या. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, खर्चाची चर्चा तेव्हाच उरकते. आवारात गणपती किंवा गरबा असेल तर त्याआधीची तारीख विचारा.

८. कामाची सकाळ

आठच्या आधी मशीन सुरू करू नका, दुपारी दोन ते चार बंद ठेवा. रविवारी झोपमोड झाली की पुढचं काम गेलंच.

आधी कोरडा खराटा. पाला आणि माती तशीच ठेवून फवारा मारला तर तोच चिखल जाळीत जाऊन बसतो. अपवाद कबुतरांच्या विष्ठेचा: ती कोरडी झाडायची नाही, धूळ फुप्फुसात जाते. मास्क लावून आधी हलक्या पाण्याने भिजवा, मग गोळा करा. मीटरपेट्या झाका, लिफ्टच्या दारापुढे ओल्या गोणपाटांचा बांध घाला. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं की लिफ्ट बंद, आणि दहाव्या मजल्यावरचे आजोबा तुमच्या नावाने अडकलेले.

मशीन सुरू करण्याचा क्रम ठरलेला आहे. पाणी सोडा, ट्रिगर दाबून ठेवा, हवेचे बुडबुडे संपून सलग धार आली की मगच स्विच. कोरडा पंप दोन मिनिटंही चालला तर सील जळतात. बंद करताना आधी स्विच, मग ट्रिगर दाबून साठलेला दाब सोडा, मग होज काढा.

उताराच्या वरच्या टोकापासून जाळीकडे या. नोझल जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर, फवारा तिरका, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर एक-तृतीयांश चढलेला. मनगट वर-खाली झालं की पट्टे उमटतात. ओलं असताना सगळं एकसारखं काळसर दिसतं, वाळल्यावर झेब्र्यासारख्या रेघा वर येतात आणि सोमवारी सेक्रेटरींचा फोन येतो. म्हणून पहिली सकाळ संपवताना शेवटचा भाग वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच तपासत सुरुवात करा.

पेव्हरच्या सांध्यांवर फवारा सरळ उभा मारू नका, आतली वाळू उडते आणि ब्लॉक डगमगू लागतात. तरी थोडी जाणारच. दर हजार चौरस फुटांना तीन गोण्या बारीक स्टोन डस्ट धरा. फरशी पूर्ण वाळल्यावर पसरून खराट्याने सांध्यांत घाला. बरेच जण ही पायरी गाळतात आणि दोन महिन्यांत ब्लॉक खचल्याची तक्रार येते.

फवारा कधीच माणसाकडे, स्वतःच्या बुटाकडेही वळवू नका. कातडीतून पाणी आत घुसलं तर बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, आत मात्र पेशी मरत असतात. रक्त येत नाही म्हणून घरी जायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं आणि ‘हाय-प्रेशरचं पाणी शिरलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

९. रसायनं

शेवाळाला बहुतेक वेळा पाणीच पुरतं. थर चिवट असेल तर सोडियम हायपोक्लोराइटचं (द्रव ब्लीचचं) पातळ द्रावण पसरून दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. झाडांच्या कुंड्या आधी हलवा. पार्किंगमधल्या ऑइलवर आधी लाकडाचा भुसा टाका, तो गोळा करा, मग डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं रसायन).

फरशीचं ॲसिड वापरूच नका. कोटा आणि संगमरवर दोन्ही चुन्याचे दगड, ॲसिडने चमक कायमची जाते. सिमेंटचे ब्लॉकही खडबडीत होतात आणि पुढच्या पावसात त्यावर शेवाळ जास्त धरतं. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. सफाई कामगाराने सकाळी जिन्यात ॲसिड टाकलं होतं का, हे विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

१०. मशीन काय सांगतंय

धार धक्के देत येते: सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय किंवा इनलेट फिल्टर तुंबलाय. ट्रिगर सोडल्यावरही मशीन थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं: गनमध्ये किंवा जोडात गळती आहे, ओ-रिंग बदला. दाब हळूहळू उतरला: नोझल झिजलं. पंपाचं ऑइल दुधाळ दिसलं: सील गेली, पाणी आत शिरलं, त्याच दिवशी मशीन थांबवा. पहिलं ऑइल ५० तासांनी बदला. बायपास प्रकारच्या मशीनमध्ये (ट्रिगर सोडला तरी मोटर चालूच राहते अशा) ट्रिगर सोडून दोन मिनिटांपेक्षा जास्त मोटर चालू ठेवू नका, तेच पाणी आत फिरून तापतं.

११. पैसे

सोसायटीच्या चेकवर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक नेहमी गावी गेलेला असतो. म्हणून बिल घरी जाऊन करायचं नाही. दुसऱ्या दिवशी डस्ट भरून झाली की सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांना आवारात बोलवा, वाळलेली फरशी दाखवा, आधीचे-नंतरचे फोटो द्या, वर्क ऑर्डरच्या प्रतीवर ‘काम पूर्ण’ अशी सही घ्या आणि तिथेच बिल हातात द्या.